भेटीचे कपडे

आमच्या पाळणाघरात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात लेकरांचे फाटके कपडे ठेवलेले असत. रोजचे कपडे वेगळे. निळे फ्रॉक, निळ्या चड्ड्या, अक्कांनी एका कापडवाल्याच्या मागे लागून मिळवलेल्या. पेटीतले कपडे फक्त पाहुणे यायचे त्या दिवशी बाहेर निघत. पाहुणे म्हणजे मदत देणारे लोक. ते यायच्या तासभर आधी लेकरांचे निळे कपडे उतरवायचे, पेटीतले चढवायचे. ते गेले की पुन्हा निळे.

"हे भेटीचे कपडे," अक्कांनी मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "धुवायचे, पण शिवायचे नाहीत. पोट भरलेलं लेकरू बघितलं की देणाऱ्याचा हात आखडतो. कळलं?"

कळलं नव्हतं. तरी मी मान हलवली. मान हलवायला शिक्षण लागत नाही.

अक्का म्हणजे पाळणाघराच्या मुख्य. धारवाडच्या मराठी घरातल्या. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरायच्या ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. इथल्या कितीतरी मराठी बायकांसारखं त्याही 'मी येतो, मी सांगतो' असंच म्हणायच्या. मी गोंदियाच्या पलीकडची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि त्यांनी ते बघितलं. "हस की! तुझं 'करून राहिली, बसून राहिली' ऐकून मी हसतो का?" त्या म्हणाल्या. मी इतकी घाबरले की दोन दिवस कोणाशी बोललेच नाही.

भीती माझ्या अंगातच आहे. नवरा छताच्या पीओपीच्या कामावर हुबळीला आला, त्याच्यामागे मी आले. घर दोन गाड्या बदलून जावं लागतं इतकं लांब. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती, आणि शाळा सातवीतच सुटलेली. कोणी ओढून काढलं नव्हतं मला शाळेतून. आई धानाच्या रोवणीला जायची, घरी धाकटा भाऊ. एक दिवस गेले नाही, मग दुसरा दिवस. गुरुजी एकदाही विचारायला आले नाहीत. एवढीच माझी गोष्ट. अक्कांना मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, आता ही बाई दार दाखवणार. त्या म्हणाल्या, "सातवी? बरं झालं. दहावीवाल्या लेकरांची ढुंगणं धूत नाहीत. उद्यापासून ये." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पाय धुऊन पाणी प्यायले असते. आजही प्यायेन. पुढे जे लिहिणार आहे ते लिहूनसुद्धा.

पाळणाघर उणकलच्या तळ्यामागच्या वस्तीत होतं. दोन खोल्या. मोठ्या खोलीत चालणारी लेकरं. लहान खोलीत तान्ही. साडीच्या आठ झोळ्या बांधलेल्या. वस्तीतल्या आया सकाळी आसपासच्या नव्या इमारतींमध्ये भांडी-फरशीला जायच्या, काही विटा उचलायला. लहान खोलीतली एखादी झोळी रिकामी झाली की दारात भांडणं व्हायची. कोणाचं बाळ घ्यायचं? मला वाटायचं, सगळ्यात गरीब असेल तिचं. अक्कांचा हिशेब निराळा. त्या आईला एकच विचारायच्या, "मोठी पोरगी आहे का? शाळेत जाते का?"

"हे बाळांसाठी चालवत नाही मी," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाळ काय, कुठंही रडत पडेल, जगेल. हे त्याच्या बहिणीसाठी आहे. इथं झोळी रिकामी नसली की तिथं वर्गात एक पोरगी बसते. बाळ हे निमित्त."

एवढी शहाणी गोष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्या गावात अशी एक खोली असती तर, असं मी बरेच दिवस झोपताना म्हणायची.

पण शहाणपणाला अक्कांनी नियम जोडला होता. बहीण शाळेत तीन दिवस दिसली नाही की बाळाची झोळी काढायची. ताप असो, जत्रा असो. दर शनिवारी मी शाळेत जाऊन मास्तरांकडून हजेरी बघून यायची आणि अक्कांना सांगायची. मी सांगितल्यावर दोन झोळ्या सुटल्या होत्या. त्यातली एक आई रस्त्यात माझ्यावर थुंकली. अक्का म्हणाल्या, "थुंकू दे. बाकीच्या सातजणी उद्या पोरींना वेळेवर धाडतील." तसंच झालं. म्हणून मला त्या चुकीच्या आहेत असं कधी म्हणता आलं नाही.

एक पोरगी होती तिसरीतली. तिचा भाऊ आठ महिन्यांचा. रोज साडेनऊला उजव्या कमरेवर त्याला घेऊन यायची, डाव्या खांद्याला शाळेची पिशवी. ओझं वाहून वाहून ती चालताना एका अंगाला कललेली दिसायची. भावाला माझ्या हातात द्यायची आणि मला छळायची. लेकरं सांभाळणारी म्हणून वस्तीतली पोरं मला आयम्मा म्हणत.

"आयम्मा, काल रात्री याला बोलायला शिकवलं. तुझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतो."

"पळ, पोट्टे, घंटा झाली."

"पोट्टे म्हणजे काय? शिवी आहे ना? मास्तरांना सांगते, आयम्मा शिव्या देते."

आणि पळायची. कमरेवरचं ओझं उतरलं की पळायची कशी! मी दारात उभी राहून तिला वळणापर्यंत बघायची. सगळ्या लेकरांवर सारखी माया करावी म्हणतात. मला नाही जमली.

तर, भेट. श्रावणात अक्कांनी सांगितलं की पुढच्या सोमवारी बेंगळुरूहून पाहुणे येणार. ही भेट साधी नव्हती. लहान खोलीचा सगळा खर्च तेच लोक देत होते आणि तो पुढे द्यायचा की नाही हे बघायला येणार होते. "खोली राहिली तर आठ पोरी शाळेत," अक्का म्हणाल्या. "नाहीतर आठ पोरी घरी. तोंड बंद ठेव, कपडे काढून वाळव."

मी पेटी उघडली. उंदरांनी आधीच्या फाटक्याला आणखी फाडलं होतं. एका फ्रॉकचा मागचा घेरच गेलेला. घातला तर पोरगी मागून उघडी. मला ते बघवेना. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी फाटकं शिवतात, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दुसरंच आलं. ठिगळ म्हणजे गरिबीच की. भोक काय, श्रीमंताच्या पोराच्या चड्डीलाही पडतं. ठिगळ कोण लावतं? ज्याला दुसरी चड्डी नाही तो. मी लहानपणी ठिगळ लपवायला पाटी मांडीवर धरून बसायची. म्हणजे ठिगळं लावली तर नियम मोडणार नाही, उलट लेकरं अजून केविलवाणी दिसतील आणि उघडी पण पडणार नाहीत. अक्का खूश होतील, असंही वाटलं. कोप्पीकर रोडवरून रिळं आणली. शिंप्याकडच्या चिंध्या आणल्या. इथल्या म्हाताऱ्या कौदीला, म्हणजे गोधडीला, जसे बारीक टाके घालतात तसे घातले. लाल चौकोन, पिवळा चौकोन. तीन दुपारी बसले. अक्का तेव्हा नवनगरच्या कचेरीत कागदपत्रांत अडकल्या होत्या.

सोमवारी गाडी दारात आल्यावरच अक्का पोचल्या. ओळीत उभी लेकरं त्यांनी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड हसत होतं. डोळे नव्हते हसत.

पाहुण्यांमध्ये मुख्य एक बाई होत्या, सुती साडीतल्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत फोटो काढणारा. बाई पहिल्याच लेकरापाशी थांबल्या. ठिगळावरून बोट फिरवलं. हिंदीत म्हणाल्या, "किती सुंदर! हे कोणी केलं?"

अक्का म्हणाल्या, "आया करतात घरी. जुनं आहे. या, आत बाळं दाखवतो."

तेवढ्यात मी पुढे झाले. कोणी मला 'सुंदर' म्हणेल असं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. म्हटलं, "मी केलं."

मग त्या बाईंनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. शेजारी बसवून घेतलं. आणि मी, जिला चार माणसांत बोलायची भीती, ती बोलत सुटले. कशासाठी? अक्कांसाठी. मला वाटलं, हीच वेळ आहे त्यांचे उपकार फेडायची. मी सांगितलं की अक्का इतकं करतात, इतकं करतात की एकही लेकरू उपाशी नाही. रोज दूध मिळतं. सगळ्यांची वजनं वाढलीत. हे कपडे रोजचे नाहीत हो, रोज निळे छान कपडे असतात, अक्कांनीच मिळवलेत. काही म्हणजे काही कमी पडू देत नाहीत. बाई मान हलवत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. अक्का दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले सुद्धा.

गाडी गेल्यावर त्यांनी दार लावलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तू कोणाची बाजू घेत होतीस गं?"

"तुमची, अक्का."

"माझी." त्या खुर्चीवर बसल्या. "मला शत्रू असता तर त्यानं इतकं चांगलं केलं नसतं."

गणपती झाल्यावर पत्र आलं. अक्कांनी मला समोर उभं करून वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. हे केंद्र आता स्वतःच्या पायावर उभं आहे. लेकरांची स्थिती समाधानकारक आहे. म्हणून लहान खोलीची मदत याहून गरजू ठिकाणी वळवत आहोत. मात्र इथल्या बायकांच्या हातातलं कौशल्य बघून शिलाईवर्गासाठी तीन मशिनं देत आहोत. ती लहान खोलीत मांडावीत. शिकवायला तुमच्याकडची ती मदतनीस योग्य वाटते.

"अभिनंदन," अक्का म्हणाल्या. "टीचर झालीस. सातवी पास टीचर."

मी रडायला लागले.

"रडू नको. तुझ्या रडण्याचं मी काय करू? मोठ्या खोलीत कोपऱ्यात तीन झोळ्या बसतील. आठातल्या तीन. कुठल्या तीन पोरी शाळेत जाणार, ते तू सांग."

"मी कशी सांगू? तुम्ही सांगा, अक्का."

"मी आठ ठेवल्या होत्या. तीन तू केल्यास. संध्याकाळपर्यंत सांग."

आता हे लिहिताना मला माझं चांगलं दिसेल असं काहीतरी लिहावंसं वाटतंय. अभ्यासात कोण हुशार ते बघितलं, घरात कोण जास्त अडलंय ते बघितलं, असं. पण मी ते काही बघितलं नाही. मी बघितलं की कुठल्या आया दारात येऊन माझ्या झिंज्या धरतील. एक मासे विकणारी होती, तिचा आवाज तळ्याच्या पलीकडे जायचा. एकीचा दीर कुठल्याशा पुढाऱ्याबरोबर फिरायचा. तिसरी नवऱ्यालाही मारायची. ह्या तिघींची बाळं मी ठेवली. तिसरीतल्या त्या पोरीची आई एकदाही मान वर करून बोललेली नव्हती. काही सांगितलं की "आगली", होऊ दे, एवढंच म्हणायची. शिवाय ती पोरगी माझी लाडकी आहे हे वस्तीला माहीत होतं. तिला ठेवलं असतं तर लोक बोलले असते.

अक्कांनी नावं ऐकली. "घाबरटाचा न्याय," त्या म्हणाल्या. पण बदललं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती आली. भावाला पुढे केलं. मी हात मागे बांधले होते.

"घे ना. जड झालाय. काल केळं खाल्लं त्यानं अख्खं."

"आजपासून नाही घेता येणार. खोली बंद झाली."

"खोटं. आतून रडण्याचा आवाज येतोय."

"ती तीनच आहेत."

तिनं दाराच्या फटीतून आत बघितलं. खरोखर मोजलं, बोट उचलून, एक, दोन, तीन. मग मला म्हणाली, "चौथा हा. हा रडत पण नाही. ठेव ना, आयम्मा. अक्कांना सांगू नको."

मी दार लावून घेतलं.

ती भावाला घेऊन शाळेत गेली. पहिल्या दिवशी मास्तरांनी बसू दिलं. दुसऱ्या दिवशी बाळानं वर्गात घाण केली आणि पोरं नाक धरून ओरडली. तिसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. हे मला शनिवारी कळलं, बाकीच्या तीन पोरींची हजेरी बघायला गेले तेव्हा. तिघींच्या खुणा बघून तशीच परत आले.

लहान खोलीत मशिनं आली. फोटो काढले गेले. मी चार बायकांना सरळ टीप मारायला शिकवत होते आणि मनात एकच धरून बसले होते: ते पोर कधी चालतं. चालणारं लेकरू मोठ्या खोलीत घ्यायला अक्कांची ना नव्हती. संध्याकाळी वस्तीतून जाताना मी मुद्दाम त्यांच्या दारावरून जायची. पोरगी भावाला भिंतीला धरून उभं करत असायची. माझ्याकडे बघायची नाही. मी बिस्किटाचा पुडा ठेवायची आणि पुढे जायची. दुसऱ्या दिवशी तो पुडा तिथेच, मुंग्या लागलेला.

संक्रांतीच्या सुमारास ते पोर चाललं. मासेवालीनं सांगितलं. मी धावत अक्कांकडे गेले. त्या म्हणाल्या, "आण." मी तशीच त्यांच्या घरी धावले. घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, आई त्या नव्या इमारतीत फरशी पुसायला गेलीय, पोर पण तिच्याबरोबरच नेते.

"आणि पोरगी?"

"तीही तिथंच. चौथ्या मजल्यावरच्या बाईचं बाळ सांभाळते. चांगलं सांभाळते म्हणे. सवय आहे ना."

मी परत येऊन हे अक्कांना सांगायला लागले. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. चपला घातल्या. "कितवा मजला म्हणालीस?"

दार उघडलं ते त्या पोरीनंच. मी तिला ओळखलंच नाही. केसांना तेल, धुतलेला फ्रॉक, गाल भरलेले. आमच्याकडे ती कधी इतकी चांगली दिसली नव्हती. उजव्या कमरेवर एक गोरं गुबगुबीत बाळ. आत तिची आई फरशी पुसत होती आणि तिचा भाऊ ओल्या फरशीवर बसला होता.

घरमालकीण बाहेर आली. अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "नऊ वर्षांची पोरगी कामाला ठेवलीय तुम्ही."

"काम कसलं? खेळायला येते ती. खायला घालतो, कपडे देतो. शाळेत काय देतात हो?"

"खेळायला येते ना? मग खेळ संपला. द्या तिला. नाही दिली तर मी परत येतो ते कामगार खात्याचा माणूस घेऊन."

आई ओला हात पदराला पुसत पुढे आली. पहिल्यांदाच तिला मान वर करून बोलताना बघितलं. "अक्का, पाया पडते. पोरगी पोटभर जेवते इथं. झोळी काढली तेव्हा तुम्ही कुठं आला होता?"

तिनं हे अक्कांना विचारलं. मला नाही. तिला काय माहीत.

घरमालकिणीनं आपलं बाळ ओढून घेतलं. ते किंचाळलं. मग ती आईला म्हणाली, "हे लचांड नको मला. उद्यापासून तूही येऊ नकोस."

जिना उतरताना मी विचारलं, "अक्का, तिचं काम गेलं की हो. आता ती काय खाईल?"

"ते उद्या बघतो. आज शाळा सुटायच्या आत हिचं नाव परत लागलं पाहिजे. धर तिला, धर."

कारण पोरगी मागे ओढत होती. वर ते बाळ अजून रडत होतं, आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "सोडा मला! तो माझ्याशिवाय झोपत नाही. त्याला दुसऱ्या कोणाकडून खाता येत नाही. आयम्मा, सोड!" लोक थांबून बघायला लागले. अक्कांनी तिचा एक दंड धरला होता, मी दुसऱ्या हाताचं मनगट. अर्धा रस्ता ती फरफटत आली. शाळेचं फाटक दिसलं तशी खाली वाकली आणि माझ्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. अक्का म्हणाल्या, "सोडू नको."

नाही सोडला.